तिसऱ्या चढाईआधीची नजर

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. उत्तनच्या कोळीवाड्यातली आमची सर्वांत चपळ मुलगी कबड्डी सोडून गेली, तेव्हा कुणी विचारलं की मी म्हणायचो, "घरच्यांनी बंद केलं." ते खोटं होतं.

मी भाईंदरला मुलींच्या संघाचा प्रशिक्षक होतो. सराव संपला की सगळ्यांना गोलात बसवून एकेकीची चूक मोठ्याने सांगायचो. चारचौघांत ऐकलं की पोरी कणखर होतात, असा माझा समज. झालं उलटंच. ही मुलगी मध्यरेषा ओलांडण्याआधी समोरच्या बचावाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मला तो आदर वाटला.

एका अंतिम सामन्यात आमच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या. तिसरीत गुण आणला नाही तर चढाई करणारी बाद, असा नियम. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. ती कुणालाही न शिवता परत आली. बाद. आम्ही हरलो. नंतर गोलात मी म्हणालो, "दर्यावर वाघीण, मातीत उंदीर!" पोरी हसल्या. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

आता वय झालंय, तरी सकाळी मैदानावर जातोच. गोल अजून बसतो, पण आता प्रत्येकीने स्वतःला जमलेली एक गोष्ट सांगायची.

"आजोबा, मला आज काहीच नाय जमलं," परवा एकीने कुरकुर केली.

"पडलीस, तरी उठून परत गेलीस ना? तेच सांग."

चुका मी बाजूला घेऊन सांगतो. आणि तिसऱ्या चढाईला पाठ फिरवून उभा राहतो. "आजोबा रुसले!" पोरी ओरडतात. ओरडू देत. पाय चालतात तोवर मी हे असंच करणार.

गेल्या महिन्यात मनाचा हिय्या करून उत्तनला गेलो. ती बांबूंवर बोंबील वाळत घालत होती.

"सर, तुमी? बसा, चाय ठेवते." मग हळूच म्हणाली, "माजी पोर कबड्डी खेलाला मागते. पाठवू? पन तिला सगल्यांसमोर बोलू नका हां. माज्यावानीच हाय ती."

"पाठव. नाही बोलणार," मी म्हणालो.

चहा पिऊन उठलो. पोरी, ती भीती तुझी नव्हती, मी तुझ्यात घातली होती, मला माफ कर, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.