बाळाबाईनं न पेटवलेलं रान

गडमुडशिंगीत ऊस तुटून गेला की आठवडाभर गाव धुरानं कोंदायचं. रानात पडलेला उसाचा पाला पेटवायचा, राखेवर पाणी सोडायचं, की तुटलेल्या बुडख्यांतनं खोडवा फुटायला रान मोकळं, असा शिरस्ता. त्या काळ्या पडलेल्या शिवारात दोन एकरांचा एकच तुकडा पाला अंगावर घेऊन पडलेला असायचा. तो बाळाबाई पोवारचा.

बाई गगनबावड्याकडची. तिच्या लहानपणी बापानं नाचणीसाठी डोंगराची उतरण तोडून जाळली होती. तीन वर्षं नाचणी बख्खळ आली. चौथ्या वर्षी पावसानं माती ओढ्याला नेली आणि उघडा खडक मागं ठेवला. तेव्हापासून रानातला जाळ दिसला की बाईचं टाळकं सणकायचं. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं नवऱ्याला, पिराजीला, बजावलं की या रानात काडी ओढायची नाही. पाला एका सरीआड एका सरीत दाबायचा, वर शेणकाला शिंपायचा आणि कुजू द्यायचा. पाणी पाजताना पाल्यात अडायचं, उंदीर माजायचे, एकदा तर भलीमोठी घोणस निघाली. पिराजी कुरकुरायचा, पण बायकोपुढं त्याची डाळ शिजत नसे. अशी एकोणीस वर्षं गेली.

१९७९ साली शेतीखात्याचा तरुण साहेब इकबाल मुजावर गावात आला आणि मातीच्या नमुन्यासाठी घरोघरी कापडी पिशव्या वाटून गेला. महिन्यानं त्यानं निकाल चावडीत वाचले. मातीत कुजून मुरलेल्या पाल्यापाचोळ्याचं, शेणाचं जे सत्त्व उरतं, त्यातला मुख्य भाग म्हणजे कर्ब. तो बहुतेकांच्या रानात शेकडा अर्धाच भरला. बाळाबाईचा भरला एक.

शेजारच्या रानाचा मालक ज्ञानू चौगुले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उकिरड्यातली माती भरली आसणार की! सरळ चोरी हाय ही!"

चावडी हसली. बाळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षांचे कष्ट एका वाक्यात उकिरड्यावर गेले होते.

"सायब," ती उठून म्हणाली, "उद्याच्याला तुमीच खुरपं घिऊन या. पिशवी तुमी भरायची, गाव बघंल. खोटं निघालं तर सगळा पाला मी माज्या हातानं पेटवीन."

पिराजीनं डोक्याला हात लावला. पण बाई बोलून बसली होती.

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव बांधावर. इकबाल नागमोडी चालत गेला, दहा जागी वीतभर खोल खड्डे घेतले, कडेची माती खरवडून पोत्यावर मिसळली. चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकले, असं करत करत अर्धा किलो राहिली. ज्ञानूची नजर त्याच्या हातावरून हलली नाही. माती कुस्करली तशी गांडुळं वळवळत बाहेर आली.

"मावशी, पहिल्यांदा कुठली माती भरली होतीसा?" इकबालनं विचारलं.

बाई पहिल्यांदाच अडखळली. "बांधाकडंची."

"ती तर सगळ्यात हलकी जागा!"

"म्हणून तर भरली. नजर लागंल की वो! चांगलं कशाला दावायचं?"

गोऱ्या पोराला तीट लावावी तसं तिनं रानाला गालबोट लावून पाठवलं होतं. इकबालनं कपाळावर हात मारला. "म्हंजे खोटेपणा केलासा खरा!"

"केला की! पर उलटा."

या खेपेला बांध हसला तो तिच्या बाजूनं.

तरी पुढचे वीस दिवस बाईला घास गोड लागला नाही. माती तिला हातानं कळत होती, पण कागद काय बोलेल याचा नेम नव्हता. पाला जाळायची पाळी आली तर आपण गावात तोंड कसं दाखवायचं, असं तिला वाटे.

निकाल आला. परत चावडी भरली. शेकडा एक आणि वर तीन दशांश. पहिल्यापेक्षा जास्त! इकबालनं कागद दोनदा वाचला आणि समजावलं, "हा कर्ब उसानं हवेतनंच वढून घेतलेला. पाला पेटवला की धूर होऊन परत आभाळात. परदेशातली शास्त्रज्ञ मंडळी आता आख्ख्या खंडाचा ताळा जुळवाय लागल्यात. कुठल्या जंगलानं, कुठल्या रानानं किती धरला, किती वर सोडला."

"मग त्यात माजं दोन एकर कुटं?" बाईनं विचारलं.

"धरणाऱ्यांत, मावशी."

बाळाबाईला अभिमान वाटला, आणि तो लपवायचं तिला काही कारण दिसलं नाही. पदर सावरून ती ताठ उभी राहिली. पिराजी तर असा बघत होता, जणू पाला त्यानंच दाबला.

चावडी पांगायला लागली तसा ज्ञानू जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, औंदा मी बी पाला पेटवत न्हाय. कसा दाबायचा, दावणार न्हवं?"

"चोरी म्हणालास ती मोठ्यानं," बाई म्हणाली. "आता इचार बी मोठ्यानंच."

ज्ञानूनं एकदा जमलेल्या लोकांकडं बघितलं, घसा खाकरला आणि पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.