वीस चिठ्ठ्या, एक कागद

ऑफिसात तिला सगळे 'घाई' म्हणत. समोरच्याची अडचण सांगून संपायच्या आत हिचा कोड लिहून तयार, आणि अर्ध्या वेळा तो भलत्याच अडचणीवरचा. पण मनाने सोनं. फरशीची नक्षी मांडायचं अ‍ॅप तिने एकटीने जावास्क्रिप्टमध्ये उभं केलं, ते मामासाठी.

मामाने चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा फरश्यांच्या कारखान्याचे मालक म्हणाले, "नुसत्या नक्ष्या काढून द्या. शनिवारपर्यंत वाचनालयाच्या दालनाची एक पाठवा, पटली तर काम तुमचंच." नाहीतर दिवसभर खिडकीत बसून राहायचं, या विचारानेच मामाला धडकी भरे. दोन दिवस खपून त्याने अर्धं दालन मांडलं आणि एकदाच बोट घसरलं. सगळी जमीन निळीशार! त्याने टॅबलेट पालथा ठेवला तो ठेवलाच.

"सिमेंट सुकेपर्यंत तरी चूक काढता येते," तो म्हणाला. "इथे तेवढीही सवड नाही. आपल्याला नाही जमायचं गं."

घाईने जीभ चावली. मामासाठी अ‍ॅप केलं आणि त्यात मागे फिरायची सोयच ठेवली नाही! गुरुवारी सुट्टी टाकून ती त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठाण मांडून बसली. दर बदलाला आख्खी नक्षी साठवायची, 'मागे' दाबलं की आधीची काढायची, 'पुढे' दाबलं की नंतरची. तासाभरात काम फत्ते. तिने ऐटीत टॅबलेट सरकवला. मामाने विस्तवाला शिवावं तशा वीस फरश्या ठेवल्या आणि 'मागे' दाबलं. नक्षी ढिम्म हलेना.

"प्रत्येक वेळची नक्षी ठेवलीस म्हणतेस ना? दाखव बघू."

तिने वीसही पडद्यावर ओळीने मांडल्या. वीसही हुबेहूब सारख्या, शेवटच्या फरशीसकट.

मामाने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, मी मांडणी बदलायच्या आधी जुनी कोऱ्या कागदावर उतरवून घ्यायचो. तू कागद ठेवलास एकच, आणि त्याला चिठ्ठ्या चिकटवल्यास वीस. त्या कागदावर खाडाखोड केलीस की सगळ्या चिठ्ठ्या तेच दाखवणार!"

घाईने कपाळावर हात मारला. प्रत न काढता ती फरश्यांची तीच यादी पुन्हापुन्हा 'मागे'च्या साठ्यात ढकलत होती. ज्याला कोडमधला 'को' ठाऊक नाही त्याने आपली चूक धरली, याचा राग यायला हवा होता. तिला मात्र नाचावंसं वाटलं.

एक ओळ बदलली. मग मामा जो सुटला! मागे, पुढे, मागे, पुढे. चार पावलं मागे जाऊन नवी फरशी ठेवली, तर 'पुढे'चं बटण फिकं पडलं.

"मघाच्या चार कुठे गेल्या?"

"तू दुसरी वाट धरलीस ना, मामा. आता जुनी बंद."

"रास्त आहे," मामा म्हणाला आणि कामाला लागला. मामीने जेवायला तीनदा हाक मारली, ती भिंतींनी ऐकली.

शुक्रवारी नक्षी गेली. संध्याकाळी मालकांचा फोन आला. मामाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"सगळं दालन करडं, आणि मधोमध एकच लाल फरशी. चुकून राहिली का हो?"

"चुकली असती तर मागे घेतली असती," मामा म्हणाला. "आता मला घेता येते."

मालक हसले. "बरं. पुढच्या दालनाची मापं सांगतो, लिहून घ्या."