लेकुरवाळं पान

जालन्याहून अंबडमार्गे वडीगोद्रीला जाणाऱ्या गाडीत आम्ही दोघे चढलो तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती. भाद्रपदातला शनिवार. पिशवीत चार भाकरी, पिठलं आणि आमची फुलपाखरांची वही. या वहीत नऊ वर्षांपासून नावांचे दोन रकाने आहेत, ‘पाहिले’ आणि ‘लिहिले’. पाहणारी माझी पत्नी शालिनी, लिहिणारा मी. पण तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सात आठवडे पहिला रकाना कोरा होता. डॉक्टर म्हणत होते डोळा उत्तम आहे. तिचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

“आता बघायचंही तुम्हीच अन् लिहायचंही तुम्हीच,” ती म्हणायची.

तिने तो रकाना कायमचा सोडू नये, एवढ्यासाठीच मी हा प्रवास काढला होता. आधीच्या शनिवारी एकटा येऊन मी जागा पाहून गेलो होतो. माळावरच्या एका रुईच्या पानांखाली तीन हिरवे कोष लटकत होते. आठवड्याभरात फुलपाखरं बाहेर येतील, असा हिशेब मांडून आजचा दिवस धरला.

वडीगोद्रीत उतरून चहा घेतला. हॉटेलवाल्याने विचारलं, “पाहुणे, कोणाकडं?”

“माळावर. फुलपाखरं अन् पतंग मोजायला.”

“पतंग? ते संक्रांतीला हो! अन् मोजून काय करून राह्यले?”

“वहीत लिहितो.”

“बरंय बुवा पाखरांचं. आमाला मोजायला दहा सालातून एकदा येतेत, ते बी घाईत.”

चहा मात्र त्याने शालिनीला काठोकाठ दिला.

तिथून माळ पाऊण तासाच्या वाटेवर. वर जावं तशी काळी माती संपते आणि पायाखाली चुनखडीचे पांढरे खडे करकरू लागतात. गवत गुडघ्याएवढं होतं. तरवडाच्या (पिवळ्या फुलांचं झुडूप) एकाच झुडपावर मी अकरा पिवळी फुलपाखरं मोजली.

“अकराच ना?” मी विचारलं.

“असतील,” ती म्हणाली. मान वर केली नाही.

रुईजवळ पोचलो. झाड ओरबाडलेलं होतं, उरले होते ते चीक गळणारे देठ. आज शनिवार, मारुतीला रुईच्या पानांची माळ! मागच्या शनिवारी दुसरं झाड तोडलं असणार. मी दिवस मोजले होते, वार मोजला नव्हता.

शंभरेक पावलांवर मारुतीचं छोटं देऊळ आहे. चुन्याच्या भिंतीवर, दिव्याच्या कोनाड्याभोवती, पाच राखाडी पतंग पंख पसरून चिकटले होते. ओट्यावर एक म्हातारेबाबा पानं ओवत होते.

“बाबा, या पानांखाली काही लटकत होतं का?”

“लेकुरवाळं पान व्हय? ते म्या तोडत न्हाई. मारुती ब्रह्मचारी. लेकुरवाळं पान गळ्यात घालून त्याला कशाला लाजवता?”

“पण झाडावर एकही पान नाही.”

“नीट पाह्यलं का? का चष्मा नुसता शोभेचा?”

शालिनीला हसू आवरेना. “बाबा, यांचं काम लिहायचं,” म्हणत ती उठली आणि एकटीच रुईकडे गेली. मी मुद्दामच मागे राहिलो.

“अहो, या लवकर! खालच्या फांदीला!”

जमिनीलगत तीन पानं शाबूत होती. तिन्हींखाली फुटलेले कोष, आणि त्यांतल्या एकाला धरून एक नारिंगी फुलपाखरू ओले पंख वाळवत होतं. मी वही उघडली. मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके तीन, असं लिहिलं.

“चार,” ती म्हणाली. “चौथा जरा मोठा आहे, शिरेवर. नर आहे हा.”

मी गुडघे टेकून जवळून पाहिलं. चारच होते.

बाबांनी जाताना दोन वाळकं (काकडीसारखं फळ) हातावर ठेवली. आभार मानले तर म्हणाले, “पानं म्या ठिवली, पाह्यलं बाईंनी. तुमी काय केलं?”

परतीच्या गाडीत मी ‘तीन’वर एक रेघ मारून ‘चार’ लिहिलं. मग वही शालिनीकडे दिली. गाडीच्या हेलकाव्यांत तिने ‘पाहिले’खाली स्वतःचं नाव लिहिलं. आणि पान मागे उलटून म्हणाली, “मागच्या शनिवारी कोष तीन लिहिलेत. चौथा त्याच फांदीवर अजून हिरवा आहे, देठाच्या आतल्या बाजूला. पुढल्या आठवड्यात यावं लागेल. फक्त शनिवारी नको.”