विमल अजून नावेत

मिरचीच्या देठानं पुस्तकाचं पान उलटणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. वाळलेला देठ दोन बोटांत धरायचा, त्याचं टोक पानाच्या कोपऱ्याखाली घालायचं आणि हळूच पान पलीकडे टाकायचं. बोटं पानाला लागू द्यायची नाहीत. बोटांना सकाळपासूनचं तिखट असायचं. ते कागदाला लागलं तर पुढं वाचणाऱ्याच्या डोळ्यात जाईल, असं ती म्हणायची. पुढं वाचणारी मी होते.

आम्ही दोंडाईच्याबाहेर मिरचीच्या पथारीवर कामाला होतो. पथारी म्हणजे उघडं मैदान. त्यावर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि बायका ढिगापाशी बसून देठ खुडतात. संध्याकाळी काट्यावर वजन होतं, त्यावर मजुरी. हातांची आग मात्र घरी बरोबर येते. तेल चोळा, ताक लावा, ती जात नाही.

तिला सगळे अक्का म्हणायचे. मीही तेच म्हणते. नाव लिहिलेलं तिला आवडलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गोण्यांच्या सावलीत गप्पा मारायच्या. अक्का भाकरी चार घासांत संपवायची आणि गोणीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून वाचत बसायची. मुकादम येता-जाता टोमणा मारायचा.

"का व अक्का, कलेक्टर व्हवानं शे का?"

"व्हसू तवय पह्यले तुनी बदली करसू, भाऊ," ती मान वर न करता म्हणायची.

मी चौथी शिकलेली. लग्न झालं आणि अक्षरं सुटली. भाकरी ज्या कागदात बांधून आणायचे, त्यावर काय छापलंय ते ओठ हलवत लावत बसायचे. कुणी बघतंय असं वाटलं की कागद चुरगळून टाकायचे. कुणाशी बोलायचीही मला लाज. अक्कानं एकदा पाहिलं.

"काय लिखेल शे?"

"काई नही."

"काई नही तं ओठ कसाले हालतंस?"

मी खाली मान घातली. तिनं फडक्यातून थोडे छापील कागद काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. "हाई धर. मनं वाची व्हयेल शे. डोयाले हात लावू नको."

ते पुस्तक तिनं किराणा दुकानातून सोडवून आणलं होतं. दुकानदार त्याची पानं फाडून पुड्या बांधत होता. पुठ्ठा गेला होता, नाव गेलं होतं, पहिली पानं कुणाकुणाच्या घरी जिरे-मोहरीबरोबर गेली होती. मी म्हटलं, "अक्का, याले सुरुवातच नही."

"मना लगीनलेबी नव्हती," ती म्हणाली. "एक दिन उठाडं, आंघोय घाली, उभं करी दिधं. मंग मधमातून समजत गयं."

अख्खं पुस्तक आणायची तिची सोय नव्हती. घरी ते पिठाच्या डब्यामागे असायचं. "हातमा पुस्तक दिखनं की घरले काम याद येस," ती म्हणायची. म्हणजे नवऱ्याला चहा आठवायचा, सासूला पाय दाबून घ्यायचे आठवायचे, म्हशीलासुद्धा तहान लागायची. मग तिनं शिवण उसवली आणि पुस्तकाच्या बारीक बारीक जुड्या केल्या. एकेका जुडीला ती घास म्हणायची. एक घास भाकरीच्या फडक्यात बसायचा. तो तिनं आधी वाचायचा, मग मला द्यायचा. असा आमचा नेम पडला. ती पुढे, मी एक घास मागे.

पुढची गोष्ट ती कधी सांगायची नाही. पण चेहऱ्यावरून मला कळायचं की काहीतरी झालंय. एकदा वाचता वाचता तिच्या डोळ्यात पाणी आलं. पथारीवर रडायची सोय नसते, हात डोळ्याला लावता येत नाही. तिनं मान वर केली आणि पाणी तसंच गालावरून गळू दिलं. मुकादमानं विचारलं काय झालं. "मिरची," ती म्हणाली. तिथं सगळ्यांना ते उत्तर चालायचं.

गोष्ट विमल नावाच्या बाईची होती. भावाच्या घरी ती राब राब राबते. नदीपलीकडे तिची थोरली बहीण असते. बरीच वर्षं गाठभेट नाही. एक दिवस विमल कुणाला न सांगता बहिणीकडे निघते. एवढीच गोष्ट, पण आम्ही तिच्याबरोबर चाललो होतो. सकाळी मला कामाला जावंसं वाटायचं ते त्या सुट्टीसाठी. हे मी घरी कधी बोलले नाही.

अक्काची आणखी एक खोड होती. मुकादमाची हाक आली की ती जिथं पोचली असेल त्या ओळीच्या टोकाला देठ टोचायची. कागदाला बारीक लालसर भोक पडायचं. "आठे माले उठाडं," ती म्हणायची; म्हणजे इथं मला उठवलं. माझ्या हातात घास आला की मी आधी ती भोकं शोधायचे. भोक दिसलं की हसू यायचं, कारण नेमकं महत्त्वाच्या जागीच तिला उठवलेलं असायचं.

पुढच्या हंगामात ती सुट्टी आक्रसत गेली. माल जास्त आला होता. बायका भाकरी हातात घेऊनच ढिगाकडे वळायच्या, कारण जी जास्त खुडेल तिचं वजन जास्त. अक्काचं वजन कमी भरायला लागलं. मी तिच्या शेजारी बसायचे. ती वाचत असली की माझ्या पाटीतल्या खुडलेल्या मिरच्या मूठ मूठ तिच्या पाटीत टाकायचे. तिला ते दिसायचं. मग ती भराभर वाचायची, पाठीमागे कुणी लागल्यासारखी. आम्ही शेवटाच्या जवळ आलो होतो.

अशात तिची सासू गेली, आणि मागोमाग नवराही गेला. मुलं तिन्ही सुरतेला मागावर कामाला. त्यांनी ठरवलं की आईला एकटं ठेवायचं नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, "नशीब काढं अक्कानी, आते नुसतं बसीसन खावानं शे." मलाही तसंच वाटलं. मी मनात म्हटलं, आता अक्का पोटभर वाचेल.

मी स्टेशनवर गेले. बाकीच्या बायकांसमोर मला बोलता येईना. अक्कानंच मला बाजूला घेतलं आणि आपल्या पोलक्यावर हात ठेवला. "शेवटला घास मनाजोडे शे. वाची व्हयना का टपालनं धाडी देसू."

मला मिळालेल्या घासात विमल नावेत बसली होती. नदीला पाणी चढलं होतं. नावाडी म्हणतो, बांबू तळाला लागत नाही. तिथं पान संपलं होतं.

"तवलोंग विमलले बसू दे नावमा," अक्का म्हणाली आणि हसली. गाडी हलली.

टपाल आलं नाही. फोन आला. माझ्या मुलाचा जुना मोबाईल मी कामावर नेत असे. अक्का सुनेच्या फोनवरून बोलत होती. मागे कसलीतरी घरघर चालली होती.

"वाचं का अक्का?"

"नही वं. आज पापडं व्हतात. सकाय वाचसू."

आमच्याकडे उद्याला सकाय म्हणतात. तिच्या प्रत्येक फोनमध्ये हा सकाय असायचा. एका मुलाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, तिसऱ्याची बदलती. एक जेवायला बसला की दुसरा उठायचा. चूल कधी थंड व्हायची नाही. मधल्या वेळात घरी साड्यांना लेस लावायचं काम, ते सून करायची आणि अक्का धागे कापायची. खोली एकच. दिवा लावला तर झोपलेला उठायचा, दार उघडलं तर नातू पळायचा.

"कोन जेवी राह्यनं नि कोन झोपी राह्यनं, माले समजत नही," ती म्हणाली. "एक दिन कागद संडासमा लई गऊ. तठेबी दार वाजाडं."

मी हसले. तीही हसली.

"विमल?" मी विचारलं.

"नावमाच शे अजून."

मग हे आमचं बोलणंच होऊन बसलं. फोन आला की मी विचारायचे, विमल? ती म्हणायची, नावमाच शे. आधी मला गोष्टीचा शेवट हवा होता म्हणून मी विचारत होते. पुढं पुढं शेवटाचं काही वाटेना. अक्कानं ते वाचावं, एवढंच वाटायचं. देवापुढे हात जोडले की दुसरं काही सुचत नसे. कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. लोक पोराच्या नोकरीसाठी नवस करतात, मी एका म्हातारीच्या रिकाम्या दुपारसाठी करत होते.

तिचा आवाज बारीक होत चालला. अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, म्हणाली. चष्म्याचं काय, विचारलं तर पोरगा दिवाळीनंतर बघू म्हणालाय. सुनेला वाचून दाखवायला सांग, असं म्हटलं तर ती म्हणाली, "तिले तरी टाइम कोठे शे?" आणि ते खरं होतं. सून काही वाईट नव्हती. तिच्याही बोटांची सुईनं चाळण झालेली असायची.

शेवटी मी धीर केला. म्हटलं, "अक्का, तो घास माले धाडी दे. मी तुले फोनवर वाची दाखाडसू. हळू वाचस मी, पन वाचसू."

कुणापुढं मोठ्यानं वाचायचं म्हणजे मला घाम फुटतो. तरी मी ते बोलले.

"मनाजोडे शे तवलोंग माले वाटस, आज वाचसू," ती म्हणाली. "धाडी दिधं तं मंग मी कसानी वाट दखू?"

कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती म्हणाली, "उनू, उनू," म्हणजे आले, आले. तेच तिचं शेवटचं ऐकलेलं बोलणं. मला नाही, दुसऱ्या कुणाला तरी म्हटलेलं.

ती गेल्याचं मला पथारीवर कळलं. मुकादमानं सांगितलं. सकाळी पोळ्या लाटता लाटता पोळपाटावरच कलंडली म्हणे. दहन सुरतेलाच झालं. त्या दिवशी दुपारी मुकादमानं कुणाला हाक मारली नाही. आम्हीच आपापल्या ढिगाकडे गेलो.

गंधमुक्तीचा, म्हणजे सुतक सुटण्याचा विधी मुलांनी गावी केला. मीही गेले. अंगणात बायकांची दाटी होती, सून मधोमध बसली होती, रडून रडून आवाज बसलेला. माझ्या मनात एकच गोष्ट होती आणि तिची मलाच लाज वाटत होती. माणूस गेलेल्या घरी जाऊन कागद कसे मागायचे? तेही फाटके, रद्दीचे. बायका काय म्हणतील? दोनदा मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. पंगती उठल्या, बायका निघायला लागल्या. मी दारापर्यंत गेले आणि परत आले.

"अक्काजोडे काही कागद व्हतात का, छापेल?" मी विचारलं. आवाज मलाच ऐकू आला नाही इतका लहान.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "त्या विमलवाल्या तुम्हीच का?" ती उठली आणि पिशवीतून फडकं घेऊन आली. "उशीखाल ऱ्हायेत. मी एक डाव इचारं, आई, काय शे त्याम्हा? तं म्हने, एक बाई नावमा बशेल शे, तिले उतारानं शे." ती थांबली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मी म्हन्तं, नंतर उतारज्यो, आधी कुकर लाव."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणखी काय करणार?

फडकं मी घरी सोडलं नाही. घराला काम आठवलं असतं. ते पथारीवर नेलं आणि दुपारी गोण्यांच्या सावलीत, आमच्या जागी बसून उघडलं. मिरचीचा वास अजून कागदाला होता. वरती देठाचा एक तुकडा, नखाएवढा उरलेला.

पहिलं पान हातात घेतलं तर ते मऊ लागलं, जुन्या धोतरासारखं. उन्हाकडे धरलं आणि मला समजलं. पान भोकांनी भरलेलं होतं. आधीच्या घासात एखाद्या पानावर एखादं भोक असायचं. इथं प्रत्येक ओळीच्या टोकाला होतं. काही ओळींच्या मधे होतं, काही शब्दांच्या मधे. एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा टोचलेलं होतं, म्हणजे ती ओळ तिनं किती वेळा सुरू केली असेल. आठे माले उठाडं. आठे माले उठाडं. ऊन त्या सगळ्या भोकांतून माझ्या लुगड्यावर पडत होतं.

फक्त पानाच्या तळाशी तीन ओळींना भोकं नव्हती. मागची सगळी पानं बिनभोकांची, करकरीत, घडीसुद्धा न मोडलेली.

मी विमलकडे गेले. ती नावेतच होती, हातात बोचकं धरून. अक्काच्या शेवटच्या भोकापासून मी ओठ हलवत वाचायला लागले. नावाडी बांबू वर काढतो आणि विमलला म्हणतो, बाई,

"ए माय, वजन करानं शे ना आज?" मुकादमानं हाक मारली.

मी समोरच्या ढिगातला एक देठ उचलला आणि "बाई" या शब्दापुढं टोचला.