छप्पर जाळून केलेला गूळ

दोन हजार दोन साली पावसानं पार दडी मारली, तरी शिवमूर्ती चिपाडावर ताडपत्री टाकत होता. लोक हसायचे. मला हसू येत नसे, कारण सत्त्याण्णवचा डिसेंबर मी डोळ्यांनी पाहिला होता.

शिवमूर्ती शिरोळकडचा गुळव्या, रस आटवून गूळ करणारा कारागीर. हंगामाला बायको अक्काताईला घेऊन आमच्या गडमुडशिंगीच्या गुऱ्हाळावर यायचा आणि उसाच्या पाल्याच्या खोपीत राहायचा. हात सोन्याचा, पण हेका असा की देवानं समजावलं तरी ऐकायचा नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचा पुतण्या प्रभुलिंग, कॉलेजात भूगोल शिकवणारा, म्हणाला, "काका, तिकडं प्रशांत महासागर तापलाय. एल निनो म्हणत्यात. औंदा पाऊस कमी पडंल."

झालं. शिवमूर्तीनं मालकाला सांगून चिपाडाची शेड रद्द करवली. रस काढून उरलेलं चिपाड वाळवून त्यावरच चुलवाण पेटतं. पाऊसच नाही तर शेड कशाला, हा त्याचा हिशेब.

पावसाळा नेहमीसारखा झाला. शिवमूर्तीनं पुतण्याला शिव्या घातल्या आणि विषय सोडला. मग गुऱ्हाळ रंगात आलं असताना, माणसं उन्हाला बसतात त्या डिसेंबरात, आभाळ फाटलं.

काहिलीतला रस अर्धा आटला होता आणि ओलं चिपाड नुसतं धुमसत होतं. आग मंदावली की गूळ काळा पडतो. सगळे म्हणाले, द्या सोडून. पण चढवलेली काहील गूळ करूनच उतरवायची, हा त्याचा नेम. कोरडं काय उरलं होतं? खोपीच्या छपराचा आतला पाला. तोच ओढून तो चुलवाणात कोंबू लागला.

"अवो, डोस्कं फिरलंय का तुमचं?" अक्काताई भांडी बाहेर काढत ओरडली.

"काहील उतरू दे, मग बोल."

गूळ पिवळाधमक उतरला. पण गुळाचे ताजे रवे, म्हणजे ढेपा, दरसाल वाळायला ठेवायचे ते त्याच खोपीत. चुलवाणावरचा पत्रा गळत होता. रवे पाघळायला लागले.

दुपारी प्रभुलिंग आला. "काका, असल्या साली पावसाळा बहुतेक अडखळतो, पण दिवाळीनंतरचा पाऊस वाढूबी शकतो."

"हे उन्हाळ्यात का न्हाय सांगितलंस?"

"तुमी पुढचं ऐकलं कुठं?"

मला दोघांचाही संताप आला. शिवमूर्तीनं स्वतःचं घोंगडं काढून गुळावर टाकलं. अक्काताई अंथरूण छातीशी धरून भिजत उभी होती.

"गूळ झाकला नव्हं?" ती म्हणाली. "आता मला कुठं ठेवता?"