हातचा पोहोचेपर्यंत

धर्मपाल बडनेऱ्याला राहायचा आणि अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळायचा. नोकरी तात्पुरती. ते ‘तात्पुरतं’ चौसष्ट सालापासून त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. यंदा समिती येणार, कामं बघणार आणि मग त्याला कायम करायचं की काढायचं ते ठरणार. वाट पाहून पाहून माणूस पार शिणला होता.

रेल्वेच्या भंगारातले रिले, म्हणजे विजेने उघडमीट होणारे खटके, आणून त्याने बेरीज करणारं एक सर्किट जुळवलं होतं. विभागप्रमुख भगवंतरावांचंही एक होतं. त्यात मोटर ठोके द्यायची आणि दर ठोक्याला सगळे रिले एकदम खडखडायचे, काम असो वा नसो. धर्मपालच्या सर्किटात ठोका नव्हताच. एका घराचं, म्हणजे एका अंकाच्या रिलेंचं, काम झालं की ते पुढच्याला हातचा द्यायचं. पुढच्याने ‘मिळाला’ असं कळवलं की मोकळं व्हायचं. वीज मंदावली तर सावकाश चालेल, पण चुकणार नाही. ज्याला काम नाही तो फुकट वीज खाणार नाही. भगवंतराव हसायचे, "कवायतीला शिट्टी लागतेच, बाबा!"

समिती आली ती मार्चच्या रणरणत्या दुपारी. विजेचा दाब नेहमीसारखा पडला. भगवंतरावांनी बेरजेला सात आणि नऊ मांडले. रिले मरगळलेले, ठोके मात्र वेळेवर. हातचा पोहोचायच्या आत पुढचा ठोका पडला, उत्तराचे दिवे झटकन लागले, उत्तर आलं चौदा. त्या दिव्यांची भाषा पाहुण्यांना कुठली कळायला! त्यांनी टाळ्या वाजवल्या. भगवंतरावांचं लक्ष दिव्यांकडे नव्हतंच, पाहुण्यांकडे होतं. धर्मपालने चौदा वाचले आणि ओठांवर आलेलं गिळलं.

मग धर्मपालचं सर्किट, तेच सात आणि नऊ. दोन घरं हलली आणि सगळं थांबलं. शेजारच्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस एका रिलेत अडकला होता, ‘मिळाला’ हे मागे पोहोचतच नव्हतं. सर्किट चुकेना, उत्तरही देईना. कापूस सापडेपर्यंत मंडळी चहाला गेली होती. सोळाचा दिवा लागला तेव्हा खोलीत तो एकटाच होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

संध्याकाळी भगवंतरावांनी सांगितलं, पुढच्या सत्रापासून येऊ नका.

घरी बायकोने, वच्छलाने, सगळं ऐकून घेतलं.

"त्याईचं चुकलं होतं, मंग तुमी बोल्ले काहून नाही?"

धर्मपालने चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या.

"मले वाटलं, गप रायलो तं नोकरी टिकन."