न वाचलेल्या पुस्तकाची हमी

मला एका जागी बसवत नाही, आणि धंदा मात्र बसून करायचा. गडचिरोलीत बसस्टँडजवळ माझं पुस्तकांचं दुकान आहे. एखादं नवं पुस्तक गाजायला लागलं की मी काउंटरवर त्याची थप्पी रचतो, फोटो काढून स्टेटसला ठेवतो, बाहेरच्या फळ्यावर खडूने नाव लिहितो आणि येईल त्याच्या गळ्यात मारतो. वाचायचं तेवढं राहून जातं. अब्बा स्वतः वाचल्याशिवाय एक पुस्तक विकायचे नाहीत. पण त्यांच्या काळी महिन्याला चारच पुस्तकं यायची, असं मी मनाला समजावतो.

पावसाळ्याआधी भामरागडकडची माणसं चार महिन्यांचा किराणा भरून ठेवतात. पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद. त्या किराण्यासोबत काहीजण माझ्याकडून पुस्तकंही नेतात, तीही माझ्या शब्दावर. आवडलं नाही तर तिकडे बदलून कोण देणार?

त्या जूनमध्ये तिकडच्या एका आश्रमशाळेच्या अधीक्षिका बाई आल्या. वसतिगृहातल्या मुलींना त्या रोज जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवतात.

"भाऊ, एका पोरीची माय उन्हाळ्यात नदीत बुडून गेली," त्या म्हणाल्या. "पोरगी कोनाशी बोलत नाई, पन वाचन सुरू झालं का येऊन बसते. तिच्यासाठी पाहून द्या. रडगाणं नको."

मी थप्पीतलं वरचंच उचललं. "हे न्या बाई. पुण्या-मुंबईत मिळून नाई राह्यलं. यात पोरीच पोरी आहेत, नुसती धमाल!" मुखपृष्ठावर हसणाऱ्या पोरी होत्या, तेवढीच माझी माहिती.

"तुमी वाचलं?"

"दोनदा!"

एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंड सुटलं की माझं असंच होतं.

आठवड्याभरात पावसाची झड लागली. गिऱ्हाईक नाही, वीज नाही. दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या घालून कंटाळलो आणि एका दुपारी तेच पुस्तक उघडलं. निम्म्यात आलो तेव्हा कळलं. त्यातल्या मुलीची आई पुरात वाहून जाते, आणि पुढची कितीतरी पानं गावकरी तिला शोधत फिरतात.

फोन लावला, तर तिकडचा टॉवर बंद. मग दुसरं एक पुस्तक घेतलं, त्यात 'ते वाचू नका' अशी चिठ्ठी घातली आणि भामरागडच्या बसच्या कंडक्टरला दिलं. संध्याकाळी त्यानेच पुडकं परत आणलं. पूल बुडाला होता. त्यानंतर मी रोज स्टँडवर चकरा मारायचो. बाई रोज दहा पानं वाचत असतील तर आज कुठवर पोचल्या असतील, हेच डोक्यात. स्वतःच्या जिभेचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

रस्ता सुरू झाल्यावर बाई आल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"तुमी दोनदा वाचलं म्हनून मी आधी चाळलं नाई. वाचता वाचता ते पान आलं. मी थांबली तोवर पोरीले समजलं होतं. उठून गेली. आता वाचनाले येतच नाई."

"मी वाचलं नव्हतं बाई," मी म्हणालो. "खोटं बोललो."

ते त्यांना कधीच कळलं होतं. मी घाईघाईने कपाटातून दुसरं पुस्तक काढलं, खरंच वाचलेलं, खरंच हसवणारं. अल्लाची शपथ घेऊन तसं सांगितलंही.

बाईंनी ते घेतलं, स्टूल ओढलं आणि चष्मा लावला. स्टँडवर त्यांची बस लागली. मी सांगितलं, तरी त्या उठल्या नाहीत. पानामागून पान, ओळीखालून बोट सरकत होतं. त्या वाचत नव्हत्या. त्या पुस्तकात माय कुठे कुठे येते ते शोधत होत्या.